पित्त म्हणून सोडून दिलेली जखम

 

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. मी बचत गटांची समन्वयक. बी.ए. झाले आणि तेव्हापासून वह्या, कर्ज, हप्ते आणि बैठका यांतच आहे. तरीही आज मी पोटाच्या एका आजारावर बोलणार आहे. आजार दुर्मीळ आहे. हजारात एकीलाही होणार नाही. मग सांगायचा कशाला? कारण तो सापडायला जो उशीर झाला, त्यात थोडा हात आमच्या गटाचा होता, आणि थोडा माझाही.

आमच्या एका गटात एक ताई आहे. गाव सांगणार नाही, गटाचं नाव सांगणार नाही. ओळखायचा प्रयत्नही करू नका. तिनं मला परवानगी देताना एवढंच सांगितलं, "माझं नाव नको, पण गोष्ट सांग. दुसरीचा जीव वाचंल." वयानं चाळिशीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एक मुलगा शिकतोय. बैठकीला कधी उशीर नाही, हप्ता कधी थकलेला नाही.

मागच्या वर्षी ती ऊसतोडीला गेली. दसरा झाल्यावर टोळी निघाली, ती पाडव्यापर्यंत फडात. परत आली तेव्हा वाळलेली दिसली. आम्ही म्हटलं, फडातलं काम, होणारच. मग ती सांगायला लागली, छातीखाली जळजळतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, कधी उलटी होते. यावर आपण बायका काय म्हणतो? "पित्त असंल गं. उपाशी राहू नको, चहा कमी कर." कुणी कोकम सांगितलं, कुणी थंड दूध. मी तर पर्समधली पित्ताची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. गोळी माझ्यासाठी आणलेली, दिली तिला. आपण सगळ्याच असं करतो.

पावसाळा सुरू झाला तरी फरक नाही. तिनं एका दवाखान्यात दाखवलं. दीड महिना पित्ताच्या गोळ्या झाल्या. वजन उतरतच होतं. शेवटी तिनं गटाकडं वीस हजार रुपये कर्ज मागितलं. आमच्या वहीत "कर्जाचं कारण" असा रकाना आहे. तिनं सांगितलं, "दवाखाना." सगळ्यांसमोर एकीनं विचारलं, "पित्ताला वीस हजार? नेमकं झालंय काय?" ताई खाली बघत राहिली. बोललीच नाही. आणि मी, जिनं बैठक पुढं न्यायची, ती म्हणाले, "पुढच्या बैठकीत ठरवू, तोवर कागद आणा." आमची बैठक महिन्यातून दोनदा होते. म्हणजे पंधरा दिवस गेले.

पुढच्या बैठकीला ती आली आणि दारातच चक्कर येऊन पडली. शेजारीण हळूच माझ्या कानात म्हणाली, "चार दिवस झाले, तिला डांबरासारखी काळी संडास होतीय."

इथं थोडं थांबते, कारण ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवायची आहे. संडास काळी, चिकट, डांबरासारखी आणि उग्र वासाची झाली, तर बऱ्याचदा पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव होत असतो. रक्त आतड्यांतून खाली येताना काळं पडतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही संडास काळी होते, त्यामुळं घाबरून जायचं नाही. पण चक्कर, धाप, अंग पांढरं पडणं असं काही सोबत असेल, किंवा उलटीत रक्त नाहीतर कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्यावर ढकलायचं नाही.

ताईचं हिमोग्लोबिन निघालं ६.८. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. मग दुर्बिणीची तपासणी झाली. या तपासणीचं नाव काढलं तरी बायका घाबरतात, म्हणून सांगते. रात्रीपासून उपाशी राहायचं. घशात औषधाचा फवारा मारतात, त्यानं घसा बधिर होतो. मग बोटाएवढी जाड, लवचिक नळी तोंडातून पोटात सोडतात. तिच्या टोकाला कॅमेरा असतो. मळमळतं, डोळ्यांत पाणी येतं, पण पाच-दहा मिनिटांत काम होतं. त्यात दिसलं, ताईच्या जठरात मोठी जखम. तिला अल्सर म्हणतात.

आता अल्सर का होतो, ते बघू. आपल्या आया सांगायच्या, तिखटानं होतो, काळजीनं होतो. डॉक्टर लोकही पूर्वी तसंच मानायचे. १९८२ साली ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना जठरात राहणारा एक जीवाणू सापडला. त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जीवाणूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं आणि स्वतःच्या पोटाला सूज आणली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक अल्सरच्या मुळाशी दोन कारणं असतात, एक हा जीवाणू आणि दुसरं अंगदुखीच्या गोळ्या. फडात, खुरपणीला, वीटभट्टीवर आपण कंबर दुखली की दुकानातून गोळी आणून उपाशीपोटी खातो, त्याच त्या.

ताईच्या जखमेत तो जीवाणू सापडला नाही. दुखण्याच्या गोळ्या ती फारशा घेत नव्हती. जखमेचा बारीक तुकडा काढून तपासला, तर अहवालात आलं, "सूज आहे, कॅन्सर नाही." आम्ही देवाला नारळ फोडला. जास्त ताकदीच्या पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. पण तीन आठवड्यांनी पुन्हा तीच काळी संडास.

मग आम्ही मिरजेला गेलो. मिरज म्हणजे आपल्या भागाचं दवाखान्यांचं गाव. १८९४ मध्ये डॉक्टर वॉनलेस यांनी तिथं मिशनचा दवाखाना सुरू केला, तेव्हापासून आपल्या आज्या-पणज्या बैलगाडीनं नाहीतर रेल्वेनं मिरजेलाच जात आल्या. तिथं एका दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाल्या, "सोबत आलेल्यांनी जरा बाहेर बसा." मला वाटलं, मला कशाला बाहेर काढतायत? मी तर हिची जबाबदारी घेऊन आलेय. पण गेले. पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं. ताईचे डोळे लाल होते, पण चेहरा हलका वाटत होता.

आत काय बोलणं झालं, ते ताईनं मला परतताना एसटी स्टँडवर सांगितलं. तिला एच.आय.व्ही. आहे. नवऱ्याकडून आलेला. नऊ वर्षं ती सरकारी ए.आर.टी. केंद्रातून गोळ्या घेत होती आणि ठणठणीत होती. ऊसतोडीला निघताना दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या. त्या संपल्या. केंद्र लांब, मुकादम सोडेना, खोपीत सगळ्यांच्या नजरेसमोर गोळी कशी घ्यायची हीही भीती. परत आल्यावर केंद्रात जायला लाज वाटली. "इतके महिने कुठं होतीस, असं रागावतील म्हणून गेले न्हाई," म्हणाली. आधीच्या कुठल्याच दवाखान्यात तिनं हे सांगितलं नव्हतं. कारण दर वेळी सोबत कुणीतरी गावातलं होतं. बऱ्याच वेळा मीच होते.

मैत्रिणींनो, मी तिला सोबत करत होते आणि माझ्या सोबतीमुळंच तिला तोंड उघडता येत नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं सगळं भराभर झालं. रक्तात सीडी-फोर नावाच्या पेशी मोजतात. या पेशी म्हणजे अंगाच्या राखणदार. धडधाकट माणसात त्या पाचशेच्या वर असतात. ताईच्या निघाल्या ३८. डॉक्टर म्हणाल्या, राखणदार इतके कमी झाले की जे रोग एरवी डोकं वर काढत नाहीत, तेही काढतात. मग पोटातल्या जखमेचं कारणही वेगळं असू शकतं. क्षयरोग असेल, गाठीचा कॅन्सर असेल, नाहीतर एखादा विषाणू. पुन्हा दुर्बीण घालावी लागेल.

या खेपेला फरक काय होता? आधी जखमेच्या कडेचा एकच छोटा तुकडा घेतला होता. आता कडेचे आणि जखमेच्या तळाचे मिळून आठ तुकडे घेतले. मी विचारलं, इतके कशाला? त्यांनी मला समजेल असं सांगितलं. ज्या विषाणूचा संशय होता, त्याचं नाव सायटोमेगॅलो व्हायरस, थोडक्यात सी.एम.व्ही. तो जखमेच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात घर करतो. अस्तर सुजतं, रक्त पुढं जाईना होतं, आणि पाणी न मिळालेल्या वाफ्यासारखा तेवढा भाग मरतो. तीच जखम. कडेला शोधलं तर तो हुकतो. तळाशी शोधलं तरी थोड्याच पेशींत असतो, म्हणून तुकडे जास्त लागतात.

तुकड्यांसोबत त्यांनी प्रयोगशाळेला चिठ्ठी दिली, त्यात ताईचा आजार आणि आपला संशय लिहिला. हेही महत्त्वाचं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला काय शोधायचं हे माहीत असेल, तर तो नेमकं बघतो. या विषाणूनं धरलेली पेशी फुगून मोठी होते आणि तिच्या मध्यभागी गडद ठिपका आणि भोवती पांढरं कडं दिसतं. डॉक्टर लोक त्याला घुबडाचा डोळा म्हणतात. आपल्याकडं घुबड दिसलं की अशुभ म्हणतात. आमच्या ताईच्या बाबतीत मात्र तो डोळा दिसला म्हणून जीव वाचला. नंतर खास रंगाची आणखी एक तपासणी करून खात्री केली, तेव्हा निदान पक्कं झालं.

मी विचारलं, रक्त तपासून कळलं नसतं का? तर नाही. हा विषाणू आपल्या देशात बहुतेक सगळ्यांच्या अंगात लहानपणापासूनच असतो. तुमच्या असेल, माझ्याही असेल. अंगातली ताकद त्याला झोपवून ठेवते आणि जन्मभर तो काही करत नाही. त्यामुळं रक्तात त्याची जुनी खूण सापडली, यावरून पोटातली जखम त्याचीच असं म्हणता येत नाही. रक्तातले विषाणू मोजायची वेगळी तपासणी असते, पण जखम पोटात असताना रक्तात तो सापडेलच असंही नाही. म्हणून जखमेचा तुकडाच तपासावा लागतो.

इथं आणखी एक सांगते. आपल्याकडं "तुकडा काढला" म्हटलं की बायका समजतात, कॅन्सरच आहे. आणि काही म्हणतात, तुकडा काढला की रोग पसरतो. दोन्ही खरं नाही. पोटात जखम कशानं झाली, हे वरून बघून दर वेळी कळत नाही. बी कोणतं होतं हे कळायला माती उकरावीच लागते, तसं आहे ते.

हाच विषाणू डोळ्याच्या पडद्यालाही धरतो आणि दृष्टी घालवू शकतो. म्हणून ताईचे डोळेही तपासले. ते नशिबानं चांगले होते. मग औषध सुरू झालं. आधी दवाखान्यात शिरेतून दिवसातून दोन वेळा इंजेक्शन, मग गोळ्या, असं मिळून महिन्याहून जास्त. हे औषध महाग आहे आणि त्यानं रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सारखं रक्त तपासत होते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ए.आर.टी.च्या गोळ्या परत सुरू झाल्या. कारण विषाणूला झोपवायचं खरं काम अंगातल्या राखणदारांचं. नुसत्या पित्ताच्या गोळ्यांनी ही जखम भरली नसती.

आता काही जणी म्हणतील, आधीच्या डॉक्टरांनी चूक केली. मी तसं म्हणत नाही. त्यांना जे सांगितलं, त्यावर त्यांनी औषध दिलं. घोड्याच्या टापा ऐकू आल्या तर माणूस घोडाच शोधणार. ताईनं लपवलं, हेही मी दोष म्हणून सांगत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यानं या आजाराची फार झळ सोसली आहे. इथं १९९२ पासून संग्रामसारख्या संस्था यावर काम करत आल्या, गावोगाव बोलणं सुरू झालं, तरी घराघरांतली भीती गेलेली नाही. कपबशी वेगळी ठेवणारी घरं अजून आहेत. एकत्र जेवल्यानं, हातात हात घेतल्यानं, एका सतरंजीवर बसल्यानं एच.आय.व्ही. होत नाही, हे पाठ असूनही आपण सरकून बसतो. ताईनं ते बघितलं होतं. मग ती कुणाच्या भरवशावर बोलणार?

म्हणून आज चार गोष्टी सांगते. जमलं तर बैठकीत वाचून दाखवा.

पहिली गोष्ट. पित्ताच्या गोळ्या दोन आठवडे घेऊनही जळजळ थांबत नसेल, वजन उतरत असेल, घास गिळताना अडकत असेल, सारखी उलटी होत असेल, अंगातलं रक्त कमी होत असेल, तर ते नुसतं पित्त समजू नका. डॉक्टरांना विचारा, दुर्बिणीची तपासणी लागेल का? आणि आपल्या पर्समधली गोळी दुसरीला देऊ नका. हे मी आधी स्वतःला सांगते.

दुसरी गोष्ट. डॉक्टरांना सगळी औषधं सांगा. एच.आय.व्ही.च्या गोळ्या असोत, कुणाची किडनी बदललेली असो, कॅन्सरची औषधं असोत, सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेलं स्टिरॉइड असो. या सगळ्यांत अंगातली ताकद कमी असू शकते आणि असा आजार डोकं वर काढू शकतो. बाजारात पुडीत बांधून मिळणारी, नाव नसलेली सांधेदुखीची भुकटी घेत असाल, तर ती पुडीच घेऊन जा. अशा भुकटीत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. सोबतच्या माणसासमोर बोलता येत नसेल, तर सरळ म्हणा, "मला तुमच्याशी एकटीनं बोलायचंय." तो तुमचा हक्क आहे. आणि सोबत गेलेल्या बाईनं स्वतःहून म्हणावं, "मी बाहेर बसते." मी आता प्रत्येक वेळी तेच करते.

तिसरी गोष्ट ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांसाठी. ए.आर.टी.च्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. बाहेरगावी जाणार असाल तर आधी केंद्रात सांगा. प्रकृती स्थिर असेल तर एकापेक्षा जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, नाहीतर जिथं जाणार तिथल्या केंद्रात नाव बदलून देतात. गोळ्या तुटल्याच, तर लाजू नका, लगेच परत जा. रागावले तर रागावले. एच.आय.व्ही.बद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ या नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

चौथी गोष्ट आपल्या गटांसाठी. २०१७ मध्ये एच.आय.व्ही.चा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो देशभर लागू आहे. कुणाच्या संमतीशिवाय तिचा आजार उघड करता येत नाही आणि आजारामुळं तिला कामावरून, शाळेतून, दवाखान्यातून हटवता येत नाही. कायदा कागदावर आहे. आपल्या सतरंजीवर तो आपणच आणायचा. आमच्या गटांनी ठराव केला आहे. आजारपणासाठी कर्ज मागितलं, तर वहीत फक्त "आजारपण" लिहायचं. कोणता आजार, हे कुणी विचारायचं नाही. परतफेडीची ऐपत विचारा, हप्ता विचारा, जामीन विचारा, पण आजाराचं नाव विचारू नका. आणि असं कर्ज पुढच्या बैठकीवर ढकलायचं नाही. अध्यक्ष आणि सचिवांनी दोन दिवसांत निर्णय घ्यायचा. सुरुवातीला काही जणी कुरकुरल्या, "गटाचा पैसा हाय, कारण नको कळायला?" एक म्हातारी आक्का म्हणाली, "अगं, पोरीच्या लग्नाला कर्ज देताना जावई काळा का गोरा इचारतो का आपुन?" सगळ्या हसल्या आणि ठराव मंजूर झाला.

ताई आता कशी आहे, हे विचाराल. तिसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा जखम भरलेली दिसली. वजन नऊ किलोनं वाढलंय. राखणदार पेशी हळूहळू वाढतायत, अजून पुरत्या नाहीत. रात्री नऊ वाजता मोबाइलचा गजर वाजतो, ती गोळी घेते. यंदा ती ऊसतोडीला गेली नाही. दोन शेळ्या घेतल्या, त्यासाठी कर्ज गटानंच दिलं. आजारपणाचं कर्ज फिटत आलंय, एकही हप्ता चुकलेला नाही.

परवा बैठकीला ती आली, माझ्याशेजारी बसली आणि वहीत सही करताना हळूच म्हणाली, "आता पर्समधी गोळी हाय का गं?" मी म्हटलं, "हाय, पण माझी माझ्यापुरती." दोघी हसलो. बाकीच्यांना कळलं नाही आम्ही का हसतोय. त्यांनी विचारलंही नाही.

एवढंच सांगायचं होतं. तब्येतीला जपा, एकमेकींना जपा. नमस्कार.